हरलेल्या लढाईची दुसरी वाट

कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, तिला मागून जादा इंजिनें जोडलीं जातात, आणि मग ती बोरघाट चढूं लागते. १८६३ सालीं या घाटांतून लोहमार्ग खुला झाला. तेव्हांपासून कर्जतचा थांबा प्रवाशांच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, खिडकींतून वडा घेण्यापलीकडे त्याची विशेष दखल कोणी घेत नाहीं. मराठी वाङ्मयांत मात्र अशी एक गाडी आहे कीं, जी पुण्याहून निघते, चाळीस मिनिटांत लोणावळें गाठते, घाट उतरून कर्जतला क्षणभर थांबते, आणि तरीही कोणत्याही वेळापत्रकांत सांपडत नाहीं. तिचें नांव जिजामाता एक्सप्रेस. ज्या हिंदुस्थानांतून ती धांवते, त्या हिंदुस्थानांत १७६१ चें पानिपत मराठ्यांनीं जिंकलेलें आहे.

हा प्रवास डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेंतला होय. कर्जतच्या थांब्याचा उल्लेख तिच्या ‘द ॲडव्हेंचर’ या इंग्रजी रूपांत आहे, आणि तें रूप संक्षेपानें अकरावीच्या पाठ्यपुस्तकांतही आलें. हरलेली लढाई कल्पनेंत पुन्हां लढण्याचा हा उद्योग कशासाठीं, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. आत्याबाईला मिशा असत्या तर, अशा थाटाचे हे मनाचे मांडे आहेत, असेंही तो म्हणेल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर केवळ या एका मराठी कथेंत शोधून भागत नाहीं. ज्या वर्षीं नारळीकरांनीं आपली पहिली विज्ञानकथा स्पर्धेस धाडली, त्याच १९७४ सालीं जपानांतही एका हरलेल्या लढाईची विज्ञानकथा जन्मास आली. दोहोंची तुलना केली म्हणजे या उद्योगाचें मर्म ध्यानांत येऊं लागतें.

प्रथम आपल्याच भूमीकडे पाहूं. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांची भूमि लढायांना नवखी नाहीं. खालापूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्यें शाइस्तेखानानें पाठविलेला कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूनें कोंकणांत उतरूं लागला. त्याच्या सैन्याबरोबर माहूरची रायबागन ही शूर स्त्रीही होती. दाट रानांतील अरुंद वाटेंत खानाची फौज पुरती शिरल्यावर शिवाजी महाराजांनीं तिचीं दोन्ही तोंडें अडविलीं. पुढें जातां येईना, मागें फिरतां येईना. अखेर खानानें शरण येऊन सामानसुमान मागें ठेवलें आणि जीव वांचवून वाट धरली. थोड्या माणसांनीं केवळ डोंगराच्या बळावर मिळविलेला हा निर्भेळ विजय होता.

या विजयानंतर शंभर वर्षें पुरीं व्हावयास थोडेच दिवस उरले असतां, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपत घडलें. तेथें ना डोंगर होता, ना खिंड. मोकळ्या मैदानांत, रसद तुटलेल्या आणि उपाशी सैन्यानें दुपारपर्यंत निकराची झुंज दिली. मग विश्वासरावाला गोळी लागली, सदाशिवरावभाऊ गर्दींत घुसले ते पुन्हां दिसले नाहींत, आणि फौजेची फळी मोडली. नानासाहेब पेशवे त्याच वर्षीं जूनमध्यें पुण्यास पर्वतीवर निवर्तले. सुमारें दहा वर्षांनीं मराठे पुन्हां दिल्लीस पोंचले ही गोष्ट खरी. परंतु लोकांच्या मनावरचा घाव भरून निघाला नाहीं. भाषाच त्याची साक्ष देते. कोणाचा धुव्वा उडाला कीं त्याचें ‘पानिपत झालें’ असें मराठी मनुष्य म्हणतो. मोठा प्रसंग ओढवला कीं ‘संक्रांत कोसळली’ म्हणतो. उंबरखिंडीच्या विजयानें मात्र मराठी भाषेला एकही वाक्प्रचार दिला नाहीं. आगगाडीनें त्याच डोंगरांतून जाणाऱ्या किती जणांना तिचें नांवही आठवतें? जयाची आठवण इतिहासाच्या पुस्तकांत राहते. पराजयाची आठवण बोलण्यांत राहते. अशी बोलण्यांत राहिलेली जखम कथेचा विषय व्हावी, यांत नवल नाहीं.

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे नामांकित प्राध्यापक. जयंतरावांनीं केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या हाताखालीं संशोधन केलें. हे हॉइल केवळ ज्योतिर्विद नव्हते. १९५७ सालीं त्यांनीं ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञानकादंबरी लिहिली होती. शास्त्रज्ञानें कथा लिहिणें म्हणजे पदाला उणेपणा आणणें नव्हे, हा धडा शिष्याला गुरूच्या उदाहरणानेंच मिळाला असावा. १९७२ मध्यें नारळीकर मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत परत आले, आणि दोन वर्षांनीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठीं त्यांनीं ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली. नांवाच्या वजनानें परीक्षकांचें मन वळूं नये म्हणून त्यांनीं आपलीं आद्याक्षरें उलट क्रमानें घेऊन ‘नारायण विनायक जगताप’ असें टोपणनांव धारण केलें. अक्षरावरूनही ओळख पटूं नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाबाईंच्या हातची धाडली. पहिलें बक्षीस जगतापांना मिळालें! पुढें नारळीकर पुण्यास ‘आयुका’ या संस्थेचे संस्थापक संचालक झाले, २०२१ मध्यें नाशिकच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, आणि मे २०२५ मध्यें पुण्यास त्यांचें निधन झालें. साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदाचा हा मान एका विज्ञानकथाकाराला मिळाला, यावरून त्या जगतापांनीं केवढा पल्ला गांठला हें दिसून येतें.

आतां त्यांच्या गंगाधरपंतांकडे वळूं. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. सभांचीं अध्यक्षपदें भूषविण्याची त्यांना मोठी हौस. नऊशें नव्याण्णव भाषणें झालेलीं आहेत आणि हजारावें पानिपतावरील परिसंवादांत व्हावयाचें आहे. पानिपताचा निकाल उलट लागता तर काय झालें असतें, या विचारांत ते रस्त्यानें चालले असतां एका ट्रकची धडक बसते, आणि ते निराळ्याच हिंदुस्थानांत जागे होतात. या हिंदुस्थानांत पुण्याबाहेर कारखान्यांच्या वसाहती नाहींत. मुंबईच्या वेशीवर ‘सरहद’ नांवाचें स्थानक आहे. तेथें परवाने तपासले जातात आणि पलीकडे इंग्रजांचें राज्य सुरू होतें. मराठ्यांनीं मुंबई इंग्रजांकडे राहूं दिली आहे ती केवळ भाडेपट्ट्यानें, आणि तो पट्टाही २००१ सालीं संपावयाचा आहे.

गंगाधरपंत जातात तें थेट एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत. तेथें त्यांना स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे पांच खंड मिळतात. पहिले चार खंड जसेच्या तसे; पांचव्यांत मात्र सारें जग बदललेलें. दोन्ही टोकांकडून आंत चाळीत ते नेमक्या त्या पानावर येतात कीं जेथें वाट फुटली: पानिपत. जय कसा मिळाला याचा शोध घेतां घेतां त्यांना भाऊसाहेबांच्या बखरींत उत्तर सांपडतें. गोळी विश्वासरावाच्या कानाला चाटून गेली, लागली नाहीं. एवढ्याच अंतरावर दोन हिंदुस्थान वेगळे झाले.

यामागचें शास्त्र कथेंत त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे उलगडून सांगतात. फ्रेंच गणिती रने तोम यांनीं मांडलेला आकस्मिक उत्पाताचा सिद्धांत असा कीं, कांहीं अवस्थांत सूक्ष्म फरकानेंही परिणाम एकदम पालटतो. सैन्याचें धैर्य हें तशाच अवस्थेंत असतें. दुसरा आधार पुंजयामिकीचा. विद्युत्कण अमुक ठिकाणींच जाईल असें निश्चयानें सांगतां येत नाहीं. तेव्हां एका विश्वांत तो येथें, दुसऱ्यांत तेथें, अशीं अनेक विश्वें असूं शकतील. धडकेच्या क्षणीं गंगाधरपंतांचें मन पानिपतावरच खिळलेलें होतें, म्हणून ते त्या दुसऱ्या विश्वांत जाऊन आले. सूक्ष्म कणांचा नियम सबंध माणसाला लावणें ही कथेची सवलत आहे, शास्त्राचा निष्कर्ष नव्हे. पण तशी सवलत प्रत्येक विज्ञानकथा एकदां तरी घेतेच.

परंतु कथेचें खरें मर्म या शास्त्रांत नाहीं. तें फोर्ट भागांतल्या एका लहानशा प्रसंगांत आहे. ग्रंथालयांत जाण्यापूर्वीं गंगाधरपंत फोर्ब्ज कंपनीच्या कचेरींत शिरतात, कारण त्यांचा मुलगा विनय तेथें नोकरीस असतो. चौकशीच्या खिडकीवर यादी पाहून सांगण्यांत येतें कीं, या नांवाचा कोणी मनुष्य येथें नाहीं. पानिपत जिंकलेल्या, स्वाभिमानानें ताठ उभ्या असलेल्या देशांत एका बापाला आपला मुलगा सांपडत नाहीं. लेखक येथें डोळ्यांत पाणी आणीत नाहीं, दोन ओळींत पुढें सरकतो. तरीपण वाचकाला हिशेब कळतो: इतिहासाचें एक पान बदललें कीं त्या पानामागून आलेलीं सारींच माणसें पणाला लागतात.

हाच हिशेब जपानी कथेंत अधिक मोठ्या आंकड्यांत मांडलेला आहे. तिच्या मुळाशीं एक खरें जहाज आहे. ‘यामातो’ ही जपानी आरमाराची युद्धनौका डिसेंबर १९४१ मध्यें सेवेंत दाखल झाली. सर्व भरतीसह तिचें वजन सुमारें बहात्तर हजार टन. ४६ सेंटिमीटर तोंडाच्या नऊ तोफा तिच्यावर होत्या. तिच्याएवढी युद्धनौका तिची जोडीदार ‘मुसाशी’ सोडली तर दुसरी नव्हती. एप्रिल १९४५ मध्यें, युद्ध हरल्यांत जमा असतां, तिला ओकिनावाकडे धाडण्यांत आलें. परतीची अपेक्षा कोणालाच नव्हती. ७ एप्रिल रोजीं अमेरिकन विमानांनीं तिला बुडविलें. सुमारें तीन हजार माणसें गेलीं, आणि त्यांत सेनापति सेइइची इतो व कप्तान कोसाकू आरुगा हेही होते. जहाजाचें नांवच जपान देशाचें प्राचीन नांव. तेव्हां तें बुडणें हें केवळ एका जहाजाचें बुडणें नव्हतें. मराठ्यांचें पानिपत, तसें जपानी मनाचें हें ‘यामातो’.

पुढें योशिनोबू निशिझाकी या निर्मात्याच्या मनांत अंतराळप्रवासाची एक चित्रमालिका करावयाचें आलें. विज्ञानकथाकार आरित्सुने तोयोता यांच्या साह्यानें जो पहिला आराखडा तयार झाला त्यांत युद्धनौका नव्हतीच. एक पोकळ केलेला लघुग्रह हेंच वाहन होतें. पुढें लेइजी मात्सुमोतो हे चित्रकार या कामांत आले. मात्सुमोतो हेही १९३८ सालचेच, क्यूशू बेटावरील कुरुमे येथें जन्मलेले. वडील लष्करांत वैमानिक होते. म्हणजे कोल्हापूरचे नारळीकर आणि कुरुमेचे मात्सुमोतो हे एकाच वर्षाचे. एक साम्राज्याच्या शेवटाकडे पाहत वाढला, दुसरा पराभवाच्या राखेंत. बुडालेली ‘यामातो’च अंतराळांत जाते असें मालिकेचें रूप ठरलें. या निर्मितीचें श्रेय कोणाचें, यावरून पुढें निशिझाकी आणि मात्सुमोतो न्यायालयांत गेले, इतका हा वारसा दोघांनाही मोलाचा वाटला.

कथा अशी. साल २१९९. गामिलास नांवाच्या परग्रहावरून पृथ्वीवर विषारी किरणोत्सर्गी बाँब पडत आहेत. समुद्र आटले आहेत, माणसें भुयारांत राहतात, आणि मानवजातीच्या आयुष्याचें एक वर्ष उरलें आहे. तोंच इस्कंदर ग्रहाची राणी स्टार्शा निरोप धाडते: एक लाख अठ्ठेचाळीस हजार प्रकाशवर्षें दूर या, विष शोषून घेणारें यंत्र देतें. कोरड्या पडलेल्या समुद्रतळावर जुन्या ‘यामातो’चा गंजका सांगाडा पडलेला असतो; त्याच्या आंत नवें अंतराळयान बांधून तें उड्डाण करितें. ज्या देशानें हिरोशिमा भोगली, त्या देशांतील मुलांना या कथेंतलें विष निराळें समजावून सांगावें लागलें नसेल.

या मालिकेंतील पात्रें मोठ्या विचारानें घडविलेलीं आहेत. सर्वांत वर कप्तान जुझो ओकिता, वृद्ध आणि आजारी. आरंभींच प्लूटोजवळच्या लढाईंत त्याचें आरमार नष्ट होतें आणि तो माघार घेतो. तरुण अधिकारी मामोरू कोदाई मात्र माघार नाकारून लढत राहतो आणि हरवतो. त्याचा धाकटा भाऊ सुसुमू, ज्याचे आईबाप आधींच बाँबहल्ल्यांत गेले आहेत, तो याच ओकिताच्या हाताखालीं ‘यामातो’वर नेमला जातो. भाऊ मेला आणि हा म्हातारा जिवंत परतला, हा राग त्याच्या मनांत धुमसत असतो. सव्वीस भागांच्या प्रवासांत त्या रागाचें हळूहळू आदरांत रूपांतर होतें. त्याच्याभोंवतीं सुकाणू सांभाळणारा शिमा, शांत स्वभावाची युकी मोरी, मद्यप्रिय पण कनवाळू डॉक्टर सादो, अशीं माणसें आहेत; शत्रूच्या बाजूला देस्लर हा देखणा, गर्विष्ठ हुकूमशहा आहे, आणि त्याचाही ग्रह मरणपंथास लागलेला आहे, हें उशिरां उघड होतें.

येथें पानिपताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेबांनीं माघार घेऊन उरलेलें सैन्य वांचवावयास हवें होतें काय, हा वाद महाराष्ट्रांत घरोघरीं झालेला आहे. जपानी कथेचा आरंभच या प्रश्नापासून होतो. ज्या देशांत खरे सेनापति जहाजाबरोबर तळाशीं गेले, त्या देशानें कल्पनेंतल्या ‘यामातो’चा कप्तान म्हणून निवडला तो उद्यांसाठीं जगणारा, माघारीचा डाग सोसणारा म्हातारा. हा बदल लहान नव्हे. जहाज तेंच, नांव तेंच. मरणाऐवजीं परतणें हें ध्येय.

आणि विजय? तोही मिळतो. चोविसाव्या भागांत ‘यामातो’ गामिलासचें राज्य जमीनदोस्त करिते. धुराच्या आणि ढिगाऱ्यांच्या मध्यें उभा राहून सुसुमू कोदाई युकीपाशीं जें बोलतो त्याचा आशय असा, कीं आपण लढावयास नको होतें, प्रेम करावयास हवें होतें. जयघोष नाहीं. जिंकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मेलेल्यांचें नगर आहे. ओकिताही विजयोत्सव पाहण्यास उरत नाहीं. परतीच्या वाटेवर, पृथ्वी दृष्टीस पडल्यावर, त्याचा प्राण जातो.

ऑक्टोबर १९७४ मध्यें सुरू झालेली ही मालिका प्रथम पडली. त्याच वेळेस दुसऱ्या वाहिनीवर आल्प्सच्या हायडीची गोड गोष्ट चालू होती, आणि घरोघरचीं मुलें तिकडे वळलीं. योजलेले भाग कमी करून मार्च १९७५ मध्यें मालिका आटोपती घ्यावी लागली. पुनःप्रक्षेपणानें मात्र तिला तरुण चाहते मिळाले, १९७७ च्या ऑगस्टांत संकलित चित्रपट आला तेव्हां चित्रपटगृहांपुढें रांगा लागल्या, आणि जपानी युद्धविज्ञानकथांची पुढची सारी परंपरा तिच्या पावलांवरून चालूं लागली. हरलेल्या जहाजाची कथाही आधीं हरली आणि मग तरली.

दोन्ही कथांवर आक्षेप घेतां येतात. जपानांत कित्येकांना बुडालेल्या युद्धनौकेचें उड्डाण हें जुन्या लष्करशाहीचें पुनरुत्थान वाटलें. नारळीकरांच्या कथेंतही जिंकलेल्या पानिपतानंतर सारेंच सुरळीत होतें. पेशवाईंतल्या भाऊबंदकीचा, शिंदे-होळकरांच्या वैराचा प्रश्न फार सहज सुटतो. एक गोळी चुकली म्हणून माणसांचे स्वभाव चुकत नाहींत. इतिहासाच्या अभ्यासकानें हें सांगितलेंच पाहिजे. तथापि या कथांचा मोठेपणा त्यांनीं दिलेल्या विजयांत नाहींच. विजय हातीं आल्यावर तो कसा दिसतो, हें त्यांनीं दाखविलें. एकींत विजेता शत्रूच्या चितेपुढें उभा आहे. दुसरींत विजयी देशांतल्या कचेरीच्या खिडकीवर एक बाप मुलाचें नांव विचारीत आहे. नुसते मनाचे मांडे असते तर ते येथवर गोडच लागले असते.

कर्जतच्या खालीं पाताळगंगेच्या कांठीं रसायनी आहे. १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना तेथें उभा राहिला, इतरही रसायनांचे कारखाने आले, आणि त्यांच्याभोंवतीं वस्ती वाढली. रसायनी हें नांवच त्या कारखान्यांच्या युगाचें आहे. जिजामाता एक्सप्रेसच्या हिंदुस्थानांत रसायनी असती काय? कथा तें सांगत नाहीं. घाट मात्र तसाच होता, असें ती सांगते. डोंगर आणि नद्या कोणत्याही विश्वांत जागच्या जागीं. त्यांच्या अंगाखांद्यावर कोणतीं नांवें, कोणतीं घरें, कोणाची मुलेंबाळें असावीं, तें माणसांच्या लढायांनीं आणि निवडींनीं ठरत आलें. कारतलबखान ज्या रानांतून हात हलवीत परतला, त्या रानाजवळून आज आगगाडी जाते ती अशाच अनेक जयापजयांची बेरीज होऊन.

गंगाधरपंत त्या दुसऱ्या विश्वांतून परतले ते आझाद मैदानावरील एका सभेमुळें. व्यासपीठावरची अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून त्यांना राहवलें नाहीं. ते जाऊन बसले, आणि अध्यक्षीय भाषणांना विटलेल्या त्या श्रोत्यांनीं त्यांच्यावर हातीं लागेल तें फेकलें. शुद्धीवर आले तेव्हां ते आपल्याच विश्वांत होते. बखर गर्दींत हरवली होती. खिशांत तिचें एक फाटलेलें पान तेवढें उरलें होतें, ज्यावर गोळी विश्वासरावाला चाटून गेली होती. पानिपतावरील परिसंवादाच्या चालकांना त्यांनीं नकार कळविला. हजारावें अध्यक्षीय भाषण आझाद मैदानावर होऊन गेलें होतें, आणि पानिपत जिंकलें असतें तर काय झालें असतें, हें खुर्चींत बसून सांगण्याची हौस त्यांना उरली नव्हती.